एल्विनसाहेब, शामराव आणि कोसीबाई



नागपुरात हिस्लॉप हे नाव कोणाला सांगावे लागत नाही. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले आणि १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांच्या मागे सापडलेली गोंडांविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यात गोंडांच्या लिंगोची मोठी कथा आहे. ती एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेली. कथा सांगणारा तो माणूस पुस्तकात 'एक परधान' एवढाच राहिला. हिस्लॉपसाहेबांचे नाव महाविद्यालयाला मिळाले. ते योग्यच झाले. पण दुसऱ्याचे नाव कुणी विचारून ठेवले असते तर बरे झाले असते, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. आजचा अभ्यास त्याच विषयावर आहे. मात्र त्यासाठी घेतलेला माणूस आपल्या मिशनच्या मानाच्या यादीत बसत नाही. तो मिशन सोडून गेलेला माणूस आहे.

व्हेरियर एल्विन यांचे नाव मी धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना पहिल्यांदा ऐकले. एकच वाक्य ऐकले : फार हुशार पाळक होता, वाया गेला. पुढे आदिवासी वस्त्यांवर काम करू लागलो तेव्हा त्यांची पुस्तके हाती आली आणि ते वाक्य पुरे पडेना.

एल्विन १९०२ चे. वडील सिएरा लिओनचे बिशप होते, पण मुलगा सात वर्षांचा असतानाच ते वारले. ऑक्सफर्डला इंग्रजी वाङ्मय आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग, मग पाळकपदाची दीक्षा, आणि १९२७ मध्ये भारत. ते आले ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात. हा संघ जॅक विन्स्लो यांनी काढलेला; रेव्हरंड ना. वा. टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे तेच विन्स्लो. भारतीय पोशाख, साधे जेवण, भारतीय पद्धतीची उपासना अशी तिथली राहणी होती. एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. दलितांमध्ये काम करावे असे त्यांच्या मनात होते, पण वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी सुचवले, गोंडांकडे जा, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

१९३२ च्या जानेवारीत ते मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी पोहोचले. सोबत एक मराठी ख्रिस्ती तरुण होता, शामराव हिवाळे. मंडला तेव्हा मध्य प्रांतात, आणि प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे चर्चच्या हिशेबाने ते नागपूरच्या बिशपांच्या हाताखाली आले. बिशप अलेक्स वुड यांचे म्हणणे असे, की सरकारशी निष्ठेची शपथ घ्या, मगच धर्मसेवेचा परवाना मिळेल. एल्विन म्हणाले, शपथ घेणार नाही. आपण इथे धर्मांतरासाठी आलेलो नाही, हेही त्यांनी लपवले नाही. परवाना मिळाला नाही. १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडले. मला बिशपांचीही अडचण कळते. ज्याला देवळात उभे राहून प्रचार करायचा नाही, त्याला प्रचाराचा परवाना कसा द्यावा? पण सरकारच्या शपथेचे समर्थन मला आजही करता येत नाही.

दोघांनी शाळा आणि दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांसाठी घर उभारले. गावातले लोक एल्विनना 'बडा भाई' आणि शामरावांना 'छोटा भाई' म्हणत. मग एल्विन लिहू लागले. १९३९ मध्ये 'द बैगा' हे जाडजूड पुस्तक निघाले, १९४२ मध्ये लोखंड गाळणाऱ्या अगारियांवरचे, आणि १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांवर आणि त्यांच्या घोटुलवर. मानववंशशास्त्राची कोणतीही पदवी नसलेला हा माणूस १९४६ मध्ये नव्या भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेचा उपसंचालक झाला. ज्या संस्थेचे एक केंद्र आज आपल्या नागपुरात आहे, तीच ही.

बैगांचेच उदाहरण घ्या. बैगा नांगर धरत नसत. धरती ही आई, तिची छाती नांगराने फाडायची कशी, हा त्यांचा विश्वास. ते डोंगरउतारावरची झाडे तोडून वाळवत, जाळत आणि त्या राखेत बी टाकत. या शेतीला ते बेवर म्हणतात. इंग्रज सरकारच्या जंगल खात्याला ती नको होती. बंदी आणली गेली आणि १८९० मध्ये मंडल्यात थोडी गावे राखून 'बैगा चक' नावाचा एक तुकडा त्यांना दिला. तेवढ्यातच बेवर करा, बाकी जंगल आमचे. एल्विन यांचे म्हणणे असे, की यात नुसती शेती गेली नाही. बैगाची कथा, त्याचा देव, त्याचे स्वतःविषयीचे मोठेपण सगळेच त्या बेवरवर उभे होते. ते काढले की माणूस मजूर होतो. अगारियांचेही तेच झाले. भट्टीवरचा कर वाढला, बाजारात कारखान्याचे स्वस्त लोखंड आले, आणि आपल्या लोहासुराला मानणारे हे लोहार भट्ट्या विझवून मजुरीला लागले.

आज आपल्या शहराच्या कडेला, मिहानकडे, हिंगण्याकडे, वीटभट्ट्यांवर, उड्डाणपुलांच्या खाली जी माणसे दिसतात, त्यांतली कितीतरी मंडला, डिंडोरी, बालाघाट, गडचिरोलीकडची असतात. स्थलांतर हा शब्द आपण आता अहवालात सहज लिहितो. ते मूळ गावातल्या कोणत्या दिवशी सुरू झाले, हे एल्विन वाचले की कळते. ते ठेकेदाराची गाडी आली त्या दिवशी सुरू झालेले नसते.

एल्विनविरुद्ध बोलणारेही कमी नव्हते. त्यांनी सुचवले होते की बैगांसाठी एक राखीव प्रदेश असावा, आणि बाहेरच्या लोकांना, त्यात मिशनरीही आले, तिथे मोकळे येऊ देऊ नये. ठक्कर बाप्पांना हे मुळीच पटले नाही. ते म्हणत, ही माणसे काय अजायबघरात ठेवायची? आपले मालवणचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये एक पुस्तकच लिहिले आणि आदिवासी म्हणजे वेगळे कोणी नसून मागासलेले हिंदू होत, असे मांडले. मंडल्यातल्या कॅथलिक धर्मगुरूंशीही एल्विन यांचे जोरात भांडण झाले. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, नागपुरातून न्यायमूर्ती नियोगींची समिती मिशनच्या कामाच्या चौकशीला निघाली, त्याआधीच्या काळातले हे सगळे. गंमत अशी की एकीकडे सगळे त्यांच्यावर तुटून पडत होते आणि दुसरीकडे कोणीही बैगांना विचारत नव्हते की तुम्हाला काय म्हणवून घ्यायचे आहे.

आता मिशनच्या लोकांना त्यांनी दिलेल्या टोल्याबद्दल. ते म्हणत की मिशन आले की गाणे जाते, नाच जातो, मुलाला आपल्या आईबापांची लाज वाटू लागते. पूर्वी मी यावर चिडत असे. आम्ही शाळा दिल्या, दवाखाने दिले, सावकाराच्या तावडीतून जमिनी सोडवल्या, ते काहीच नाही का? ते आहेच. पण मी ज्या वसतिगृहात सुरुवातीला काम केले तिथे मुलांनी आपसात गोंडी बोलायची नाही असा नियम होता, आणि रात्री खोल्यांच्या बाहेर उभा राहून तो पाळला जातो की नाही हे बघणारा मी होतो. मराठी सुधारावी हा हेतू. त्यातला एक मुलगा आज शिक्षक आहे. त्याच्या आजीशी बोलायला त्याला मधे कुणीतरी लागायचे, असे त्याने मला हसत हसत सांगितले. एल्विन यांचा टोला मला त्या दिवशी लागला.

स्त्रियांविषयी एल्विन यांनी जे लिहिले ते त्या काळी पुष्कळांना झोंबले. गोंड, बैगा, मुरिया बाईला नवरा निवडता येतो, न पटल्यास सोडता येतो, विधवेला पुन्हा घर करता येते, ती बाजारात एकटी जाते आणि शेतात तिचा शब्द चालतो, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. घोटुलमध्ये मुलगे-मुली एकत्र राहतात यावर आपल्या मंडळीत कान लाल होतील, आणि संपादकही मला यापुढे लिहू देणार नाहीत. तरी एवढे म्हणतो : गडचिरोलीच्या माडिया गावांत ज्यांनी गोटूल पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे गावाचे निर्णयही होतात, भांडणेही मिटतात आणि पाहुणाही उतरतो. आपण त्या जागेविषयी ऐकले ते बहुतेक एकाच बाजूने. बाईला मान देण्याच्या बाबतीत आपल्या ख्रिस्ती घरांना आदिवासी पाड्याकडून शिकण्यासारखे आहे, हे एल्विन यांचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे.

आणि इथेच कोसीबाईंचे नाव येते.

कोसी ही राजगोंड मुलगी. एल्विन-शामरावांच्या शाळेत शिकलेली, वयाने एल्विनपेक्षा पुष्कळच लहान. १९४० मध्ये दोघांचे लग्न झाले. बस्तरच्या दौऱ्यात ती त्यांच्या बरोबर होती. १९४१ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव जवाहरलाल ठेवले. लग्न टिकले नाही. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातून घटस्फोट झाला. १९५३ मध्ये एल्विन यांनी पाटणगढच्या परधान समाजातल्या लीला यांच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी ते भारताचे नागरिक झाले आणि नेहरूंच्या सरकारने त्यांना ईशान्य सीमा भागातल्या आदिवासींच्या प्रश्नांसाठी सल्लागार नेमले. पद्मभूषण मिळाले. १९६४ मध्ये ते वारले. त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्या आत्मचरित्रात कोसीला जेमतेम काही ओळी आल्या आहेत. त्यांत दुःख आहे, अपयशाची कबुली आहे, पण कोसी कशी होती, तिला काय वाटले, यातले काही नाही. शंभर खुनांच्या कागदपत्रांतून बस्तरच्या मारियांचे मन शोधणारा हा अभ्यासक. त्याच्या घरातल्या बाईपाशी त्याची लेखणी थांबली.

वर मी एक गोष्ट केली, ती लिहिताना लक्षात आली नाही, वाचताना आली. एल्विन 'आले', 'गेले', आणि कोसी 'होती', 'शिकलेली'. मराठीत मान क्रियापदातच असतो आणि तो कोणाला द्यायचा हे हात आपोआप ठरवतो. खोडले नाही, तसेच ठेवले आहे, म्हणजे वाचकांनाही दिसेल. यापुढे कोसीबाई.

कोसीबाई एल्विन यांच्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे जगल्या. डिंडोरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी, गरिबीत. म्हातारपणी कधीतरी पत्रकार त्यांच्याकडे जात, कारण त्या एका प्रसिद्ध साहेबाच्या पहिल्या पत्नी होत्या. मोडलेल्या लग्नाचा दोष कोणाचा, हे बाहेरच्याने ठरवू नये, आणि मी ठरवत नाही. पण आदिवासी बाईच्या स्वातंत्र्यावर इतके लिहिले गेले असताना त्या लिखाणाच्या सगळ्यात जवळ असलेल्या आदिवासी बाईची बाजू कागदावर आली नाही, हे नोंदवायला दोष ठरवावा लागत नाही.

शामरावांची गोष्ट वेगळी. ते मागे राहिले. बडा भाई दिल्ली-शिलाँगला गेल्यावर शाळेच्या पैशाची ओढाताण, गावातल्या भानगडी, आजाऱ्यांची ये-जा हे सगळे छोट्या भाईंनी निभावले. 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' (१९३५) आणि मैकल डोंगरातल्या लोकगीतांचे पुस्तक (१९४४) यांवर एल्विनबरोबर त्यांचेही नाव आहे. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःचे पुस्तक लिहिले, नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर. परधान म्हणजे गोंडांचे भाट. आपल्या गोंड यजमानांच्या घरी ठरावीक वर्षांनी जायचे, बाना नावाचे तंतुवाद्य वाजवून बडा देवाला जागे करायचे, पूर्वजांची गाणी म्हणायची आणि दान घेऊन परतायचे. हिस्लॉपसाहेबांना लिंगोची कथा सांगणारा याच समाजातला. ऐंशी वर्षांनी एका मराठी ख्रिस्ती माणसाने त्या समाजावर अख्खे पुस्तक लिहिले, आणि आपल्या मराठी मंडळ्यांत ते किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला चाळिशी ओलांडल्यावर कळले.

पाटणगढ या गावाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. याच गावचे जनगढसिंह श्याम हे परधान तरुण १९८० च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनात आले. भिंतीवरची चित्रे कागदावर उतरली. १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसला लागली. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात चित्रे काढायला गेले असता तिथेच त्यांचा अंत झाला; त्यांनी आत्महत्या केली. स्थलांतर फक्त वीटभट्टीकडे होत नाही. कौतुक होत असलेल्या ठिकाणीही माणूस एकटा पडतो. त्यांच्याच नात्यातल्या दुर्गाबाई व्याम घराच्या अंगणात सणावाराला दिगना काढता काढता चित्रकार झाल्या. नागपूरकरांनी त्यांना विशेष ओळखायला हवे, कारण 'भीमायन' या २०११ मधल्या पुस्तकात बाबासाहेबांचे जीवन दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष यांनी परधान चित्रांतून उभे केले. २०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. चित्राखाली सही त्यांची स्वतःची.

आता थोडे माझे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही स्थलांतरित कुटुंबांची नोंदणी करत होतो. वर्धा रोडच्या पलीकडे एका बांधकामावर डिंडोरीकडचे एक कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहत होते. मी नवऱ्यासमोर बसलो, अर्ज काढला. कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, जमात, माणसे किती, कधी आले, कधी परतणार. तो सांगत गेला, मी भरत गेलो. जमात गोंड. आले दिवाळीनंतर. परतणार पाऊस लागला की. बाई तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होती. तिच्यासाठी अर्जात एकच शब्द होता : पत्नी. तो पाणी आणायला गेला तेव्हा ती पातेल्यावरची नजर न काढता म्हणाली, "भैया, पहले मैं आई थी."

ती दोन वर्षे आधी बहिणीबरोबर आली होती. तो मागून आला. जमातही परधान, ठेकेदाराच्या मुकादमाला परधान कळत नाही म्हणून तो गोंड सांगतो. आणि पाऊस लागल्यावर तो जाईल, ती जाणार नाही. का, ते तिने सांगितले नाही. तेवढ्यात तो बादली घेऊन आला आणि ती भाताकडे वळली. माझ्या अर्जातली सहापैकी तीन उत्तरे चुकीची होती आणि तिचे नाव विचारायचे राहिलेच होते. पंधरा दिवसांनी गेलो तर तो मजला पूर्ण झाला होता आणि पत्र्याच्या खोल्या उचलल्या गेल्या होत्या. कार्यालयातल्या फायलीत ते कुटुंब अजून गोंड आहे, दिवाळीनंतर आलेले आहे.

या पाठासोबत उत्पत्तीचा सोळावा अध्याय वाचावा. हागार ही मिसरी दासी, परक्या मुलखात परक्या घरी राहिलेली. त्या अध्यायात अब्राम आणि साराय दोघेही तिच्याविषयी बोलतात, तिच्याविषयी निर्णय घेतात, पण त्यांच्या तोंडी तिचे नाव एकदाही येत नाही. ती 'दासी' असते. तिला नावाने पहिली हाक रानातल्या झऱ्यापाशी देवदूत मारतो. मग तो दोन गोष्टी विचारतो, ती आली कुठून आणि निघाली कुठे. तिचे उत्तर नीट पाहा. पहिल्याचेच उत्तर ती देते. दुसऱ्याचे तिच्यापाशी नाही, किंवा सांगायचे नाही. पदविकेच्या वर्गात हा अध्याय आम्ही अब्राहामाच्या विश्वासाच्या संदर्भात शिकलो होतो आणि परीक्षेत त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते. अब्रामाचे वय मला पाठ होते.

बहिणींच्या मंडळात हा पाठ घेतला तर एक करून पाहा. प्रत्येकीने आपल्या आजीचे माहेरचे नाव आणि गाव सांगायचे. आमच्या मंडळीत घेतला तेव्हा बावीस जणींपैकी नऊ जणींनाच सांगता आले. त्यांतल्या दोघी गडचिरोलीकडच्या गोंड कुटुंबांतल्या होत्या आणि त्यांनी आजीच्या आजीपर्यंत सांगितले.

पावसाळ्यानंतर नोंदणी पुन्हा सुरू होत आहे. नवीन अर्जात 'कुटुंबप्रमुख' हा रकाना काढला आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे नाव, जमात, बोली, आधी कोण आले आणि परत जायची इच्छा आहे का, हे ज्याचे त्याला वेगळे विचारायचे आहे. बायकांशी बोलायला स्वयंसेविका लागतील, आणि गोंडी किंवा छत्तीसगढी येणाऱ्या असतील तर फारच बरे. एका घराला पाऊण तास लागतो, त्यामुळे दिवसाला पाच-सहा घरांच्या वर होणार नाहीत. ज्यांना यायचे आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. अर्जाचे कोरे नमुने तिथेच मिळतील.